विश्रामबागेत वन बीएचके भाड्यानं: साडेअकरा हजार द्यावेत का?

वऱ्हाडची_पाहुणी

नमस्कार मंडळी. बँकेनं अकोल्याहून सांगलीला बदली केली आहे. शाखा विश्रामबागेत आहे, म्हणून घरही तिथंच बघतेय. राहणार एकटीच. आई दिवाळीनंतर येऊन-जाऊन असेल. चारचाकी नाही, स्कूटी आहे.

एजंटानं दाखवलेल्यांपैकी एक वन बीएचके मनात भरलाय. मुख्य रस्त्यापासून आत, झाडीची शांत गल्ली, तीन मजली अपार्टमेंट, फ्लॅट वरच्या मजल्यावर. लिफ्ट आहे. हॉल ऐसपैस, बेडरूम बेताची, किचनला ट्रॉल्या केलेल्या, मागं ड्राय बाल्कनी. भाडं ११,५००, मेंटेनन्स १,००० वेगळा, डिपॉझिट ५०,०००, शिवाय एजंटाला एका महिन्याचं भाडं. अकोल्यात एवढ्या पैशात मी टू बीएचकेत राहत होते, वर गच्ची आपलीच.

मालकांचं म्हणणं असं: करार अकरा महिन्यांचा, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून टाकू, रजिस्टर वगैरे कशाला. आणि करारात भाडं ८,००० लिहायचं, वरचे साडेतीन हजार दर महिन्याला रोख. का, म्हणून विचारलं तर "इथं सगळे असंच करतात" एवढंच उत्तर मिळालं.

भाडं जास्त आहे का, आणि या आठ हजारांमागं नेमकं काय आहे, एवढं सांगा. टोकन अजून दिलेलं नाही.

चौथा_मजला_विनालिफ्ट

भाडं जास्त आहे, पण तुम्ही बघताय त्या दिवसांचा हा भाव आहे. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजांच्या ॲडमिशन चालू झाल्या की विश्रामबागेतलं कोंबड्यांचं खुराडंसुद्धा "वेल फर्निश्ड" म्हणून जातं. कित्येक बंगल्यांत खालचा मजला मालकांचा आणि वर कॉट बेसिसवर पोरं. एका खोलीत तीन कॉट टाकल्या की मालकाला वन बीएचकेपेक्षा जास्त सुटतात, मग वन बीएचकेवालाही तेच गणित डोक्यात धरून आकडा सांगतो. सप्टेंबर उजाडेपर्यंत थांबता आलं तर हाच फ्लॅट खाली येईल.

थांबता येत नसेल तर घासाघीस करा. लाजू नका. इथं पहिला आकडा पाडून मागण्यासाठीच सांगितलेला असतो.

स्टँपपेपर

भाडेकरार नोंदवण्याचं काम करतो, त्यामुळं आठ हजारांचं कोडं रोजच्या पाहण्यातलं आहे.

आठ बारे शहाण्णव. वर्षाचं भाडं एक लाखाच्या आत राहिलं की एचआरए (घरभाडे भत्ता) दाखवताना तुम्हाला बँकेत घरमालकाचा पॅन द्यावा लागत नाही. साडेअकरा लिहिले तर वर्षाचे १,३८,००० होतात, पॅन द्यावाच लागतो आणि मालकांचं भाडं आयकराच्या नजरेत येतं. बाकी यात गूढ काही नाही.

तुमचं नुकसान काय? जुनी करपद्धत घेतली असेल तर महिन्याच्या साडेतीन हजारांवरची सूट गेली. नवी घेतली असेल तर एचआरएची सूट मुळातच नाही, त्यामुळं त्या बाजूनं फरक नाही. पण दोन्हीकडं रोख दिलेल्या पैशाला पुरावा राहत नाही. उद्या कुरबूर झाली आणि "तीन महिन्यांचे वरचे पैसे आलेच नाहीत, डिपॉझिटमधून कापतो" म्हणाले तर काय दाखवणार?

आता नोटरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. निवासाचा भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी), तो लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांचं खूळ आलं १९०८ च्या नोंदणी कायद्यातून. त्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची होती, म्हणून लोकांनी अकरा महिने काढले. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानं ती पळवाट बुजवली, तरी सवय काही जात नाही. अकरा महिन्यांचाच करार करा, हरकत नाही, पण नोंदवून.

खर्च किती येतो ते तुमच्याच आकड्यांवर बघा. अकरा महिन्यांचं भाडं १,२६,५००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं ४,५८३. बेरीज १,३१,०८३. त्याचा पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ३२८ रुपये, गोल करून चारशे धरा. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. त्यावर थोडं हाताळणी शुल्क आणि आमची मेहनत. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं, आम्ही मशीन घेऊन दारात येतो. नोटरीवाल्याचा स्टँप, टायपिंग आणि त्याची फी जोडली तर फार काही वाचत नाही हो.

दोन_फ्लॅटवाली

सगळे भाडेकरूच्या बाजूनं बोलायला लागलेत, म्हणून लिहितेय. माझे विश्रामबागेत दोन फ्लॅट भाड्यानं आहेत.

तीस लाखांचा वन बीएचके साडेअकराला दिला तर वर्षाला किती सुटतात? त्यातून घरपट्टी, दर दोन वर्षांनी रंग, नळ-फिटिंग, आणि भाडेकरू बदलताना एखादा महिना रिकामा. बँकेत ठेवले असते तर डोक्याला ताप तरी नसता. मागचा भाडेकरू लाईटबिल थकवून गेला, जाताना बाथरूमचा आरसा नेला आणि ओट्याच्या कडाप्प्याला चीर पाडून ठेवली ती निराळीच. रजिस्टरला मालक का घाबरतात? एकदा कागद झाला की भाडेकरू हक्क सांगेल, घर सोडणार नाही, कोर्टात खेटे घालावे लागतील, ही भीती आमच्या वडिलांच्या पिढीपासून आहे. जुन्या सांगलीत वाडेच्या वाडे पागडीत, म्हणजे जुन्या कायमच्या भाडेकरूंकडं, अडकलेले बघितलेत आम्ही.

आठ हजारांचं समर्थन मी करत नाही. पण मालक म्हणजे चोर, असंही नाही.

स्टँपपेपर

@दोन_फ्लॅटवाली ताई, तुमची भीती कळते, पण औषध उलटं घेताय. लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदलेला असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला कलम २४ तुमच्याच बाजूनं आहे. सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जो बसून राहील त्याच्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते. उलट कागद नोंदलेला नसेल तर त्याच कलम ५५ मध्ये असं म्हटलंय की अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाईल, चूक असल्याचं मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे नोटरीवाल्या मालकानं स्वतःचाच हात दगडाखाली दिलेला असतो. पागडीचा काळ वेगळा, तो कायदा वेगळा.

कराचं म्हणाल तर भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट तीस टक्के वजावट मिळते. १,३८,००० चे करपात्र उरतात ९६,६०० च्या आत. मालक निवृत्त असतील आणि पेन्शन-भाडं सगळं मिळून १२ लाखांच्या आत असेल तर नव्या पद्धतीत आज कर शून्य. एवढ्यासाठी रोखीचा खेळ कशाला? हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पाहुणीताई, तुम्ही सांगून बघा.

दोन_फ्लॅटवाली

भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, हे माहीत नव्हतं. माझ्या एका फ्लॅटच्या कराराचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. व्यनि (खाजगी निरोप) करते.

मिरजकर_मामा

विश्रामबागेचा हट्ट सोडा आणि मिरजेला या. जंक्शन मिरजेत, दवाखाने मिरजेत, सतार मिरजेत, आणि ह्याच पैशात टू बीएचके मिळेल. सांगली-मिरज रस्त्याला वडाप (शेअर गाड्या), सिटी बस सगळं आहे. स्कूटीवर विश्रामबाग म्हणजे डुलकी लागायच्या आत.

चौथा_मजला_विनालिफ्ट

मामा, स्कूटीवर डुलकी नका हो लावू.

गावभागकर

धागा करार आणि आयकरात अडकलाय. सांगलीत घर बघताना पहिला प्रश्न वेगळाच असतो आणि तो कुणी विचारलाच नाही: पाणी कुठपर्यंत येतं?

ताई, तुम्ही बाहेरच्या म्हणून सविस्तर लिहितो. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीचा माणूस सकाळी उठून आधी हा आकडा बघतो, मग चहा. २००५ ला आमच्या गावभागातल्या घरी पाणी उंबऱ्याला लागून थांबलं. वडील म्हणाले, एवढं आलं म्हणजे आता कधी यायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि घरात छातीएवढं पाणी. माळ्यावर चढवलेलं धान्य वाचलं, खालचं कपाट फुगून त्याची दारं आजतागायत लागत नाहीत. २०२१ च्या जुलैत परत आलं, गुडघ्याच्या खाली. त्यानंतर आम्ही स्विचबोर्ड आणि मीटर खांद्याच्या वर उचलून घेतलं.

विश्रामबागेचं भाडं का चढं आहे, त्याचं अर्धं उत्तर यात आहे. मूळ विश्रामबाग उंचावर. पूर आला की आमच्याकडच्या गाड्या तिकडच्या रस्त्यांवर नेऊन लावतात, रिकाम्या फ्लॅटांना विचारणा सुरू होते. कॉलेजं, बँका, चांगले दवाखाने, विजयनगरचं कलेक्टर ऑफिस जवळ, हे सगळं आहेच. पण नावाच्या मागं उंची आहे.

आता गोम ऐका. जाहिरातीत विश्रामबाग फार लांबवर पसरतं. शंभर फुटी रस्त्याच्या पलीकडं, शामरावनगराच्या बाजूला सखल काळ्या मातीवर उभी राहिलेली अपार्टमेंटंसुद्धा "विश्रामबागजवळ" म्हणून दाखवतात. तिथं नदी नाही आली तरी नुसत्या पावसाचं पाणी साचतं, निचरा होत नाही, आणि कच्च्या बोळात स्कूटी रुतते ती ढकलूनही निघत नाही. म्हणून फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे यावर जाऊ नका. खाली पाणी आलं की लिफ्ट बंद, मोटर बंद, मीटरचा पुरवठा तोडलेला, आणि तुम्ही वर कोरड्या अडकून.

जाऊन काय बघायचं ते सांगतो. कंपाऊंडच्या भिंतीला आतल्या बाजूनं बघा. पुराचं पाणी आठवडाभर थांबलं की तपकिरी रेघ उमटते, रंग दिला तरी वर्षा-दोन वर्षांत परत वर येते. जिन्याखालचं मीटरचं पॅनेल मुद्दाम उंच चढवलंय का बघा. नवीन असतं तर ठीक, पण जुन्या जागेच्या खुणा, बुजवलेली भोकं खाली दिसली तर समजून जा. बोअरची मोटर कुठं बसवलीय तेही सांगून जातं. आणि शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं म्हणून. एजंट खोटं बोलेल, दुकानदार हात करून भिंतीवर दाखवेल.

जलसंपदा खात्याच्या पूररेषा आहेत. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. भाड्यानं राहणारा नकाशा कुठं बघत बसतो, पण विकत घेताना जरूर बघावा.

चौथा_मजला_विनालिफ्ट

वाचनखूण साठवली. दुकानदाराचं एकदम बरोबर.

वऱ्हाडची_पाहुणी

बाप्पा! पाण्याचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्याकडं पाण्याची चिंता म्हणजे नळाला कधी येणार ही.

काल संध्याकाळी परत गेले. कंपाऊंडला रेघ नाही, मीटर मूळच्याच जागी, आणि दुकानदार म्हणाला, "इथं कुठलं पाणी, इथं तर लोक राहायला आलते." तो प्रश्न मिटला.

दुसरे दोन निघाले. बेडरूमच्या एकाच भिंतीला नवा रंग आहे, बाकी तीन जुन्या. नेमकी ती पश्चिमेची बाहेरची भिंत, कपाट सरकवून बघितलं तर खाली पोपडे धरलेत. मालक म्हणाले, "गेल्या पावसात थोडी ओल होती, आता काम केलंय."

आणि मालकांच्या घरी चहा झाला. काकू चांगल्या आहेत, चिवडा दिला. आडनाव विचारलं. मग गाव. मग "पाव्हणे कुठले?" मग घरात अंडं वगैरे होतं का. मग लग्नाचं काय ठरवलंय. मग गेटला साडेनऊला कुलूप लागतं. मी बँकेत आहे, मार्चएंडला नऊ वाजता तर चहा येतो आमचा.

चौथा_मजला_विनालिफ्ट

पाव्हणे कुठले, म्हणजे जात विचारायची आमच्याकडची पद्धत. मीही ह्या परीक्षेला बसलेलो आहे. एका ठिकाणी सगळं जमलं, डिपॉझिटचा आकडाही ठरला, आणि पाव्हण्यांवर गाडी येऊन थांबली. दुसऱ्या दिवशी "आमच्या मेहुण्यालाच जागा लागतीय" असा निरोप. मेहुणा अजून आलेला नाही, पाटी अजून लटकतीय. माझं मत विचाराल तर असल्या घरी राहूच नये. आज आडनाव विचारणारा उद्या डबा उघडून बघेल.

दोन_फ्लॅटवाली

जात विचारणं चूकच, मी विचारत नाही. खाण्याबद्दल मात्र मी आधीच स्पष्ट सांगते, खाली सासूबाई राहतात म्हणून. आवडलं तर या, नाही तर दुसरं बघा. आधी सांगितलेलं बरं ना? गेटच्या कुलपाचं ऐकून घेऊ नका, किल्ली मागा. एकट्या बाईला घर देताना तिची काळजी म्हणून कुलूप लावतात आणि तिलाच बाहेर ठेवतात, असला प्रकार.

चौथा_मजला_विनालिफ्ट

सासूबाईंना वास येतो म्हणून वरच्यानं अंडं खाऊ नये, हे मला पटत नाही. भाडं घेतलं की आतलं स्वयंपाकघर भाडेकरूचं. असो, धागा भरकटेल.

गावभागकर

अवांतर आहे, पण राहवत नाही. एकोणीसला आम्ही पाच जणं दोन बोचकी घेऊन विश्रामबागेत आलो तेव्हा एका अनोळखी घरानं वरचा मजला उघडून दिला. कुणाचे कोण, पाव्हणे कुठले, एका शब्दानं विचारलं नाही. वर तिथल्या आजींनी आठ दिवस भाकरी थापून घातल्या. पुढं वर्षभरानं मुलासाठी त्याच गल्लीत भाड्यानं घर बघायला गेलो, तर तिसऱ्या घरी पहिला प्रश्न तोच! गल्ली तीच, माणसंही साधारण तीच.

पाहुणीताई, राहायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. काकू चौकस आहेत की छळणाऱ्या, ते मागच्या भाडेकरूला विचारल्याशिवाय कळणार नाही. त्याचा नंबर मागून घ्या. द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर.

एजंटगिरी_अर्धवेळ

नोकरी सांभाळून हेच करतो, म्हणून आतली गोष्ट सांगतो. भर ॲडमिशनच्या दिवसांत वरच्या मजल्याचा फ्लॅट अजून हातात आहे याचा अर्थ दोन-चार जण बघून गेलेत. कारण ऊन. वर स्लॅब, पश्चिमेची भिंत, एप्रिलमध्ये रात्री अकरालासुद्धा पंखा गरम वारा टाकतो. आणि ती ओल. बाहेरून प्लॅस्टरला चिरा असतील तर आतून कितीही रंग द्या, पहिल्या दमदार पावसाला पोपडे परत. बाहेरून वॉटरप्रूफिंग केल्याचं सांगतात का विचारा. "काम केलंय" म्हणजे बहुतेक वेळा डिस्टेंपरचा एक हात.

भाडं थेट कमी करा म्हटलं की मालक अडून बसतात, त्यांना तो मानाचा प्रश्न वाटतो. त्याऐवजी मेंटेनन्स भाड्यातच धरा म्हणा, एका झटक्यात हजार वाचले. खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवून मागा. सांगलीत जाळी नसलेलं घर म्हणजे संध्याकाळी सहानंतर कोंडून घेणं. गिझर मागू नका, सोलर असेल तर वरच्या मजल्याला त्याचा फायदा आहे, पाइप जवळ म्हणून गरम पाणी लगेच येतं. खालचे लोक बादलीभर गार पाणी सोडून देतात. पावसाळ्याचं काय ते विचारून घ्या.

एका महिन्याची दलाली हा विश्रामबागेतला चालू रिवाज आहे, पण अर्ध्यावरही येतात. करार नोंदवून झाल्यावर पैसे द्या, टोकनच्या वेळी नाही.

चौथा_मजला_विनालिफ्ट

एजंट स्वतःच दलाली कमी करा म्हणतोय. हा धागा वर ठेवा.

स्टँपपेपर

लाईटचं राहिलं. मीटर फ्लॅटचा स्वतंत्र आहे ना, हे डोळ्यांनी बघा. मालकांच्या मीटरवरून सबमीटर दिलेला असेल तर दोन घरांची युनिटं एका बिलात येतात. घरगुती दर १००, ३०० अशा टप्प्यांनी चढत जातो, म्हणजे तुम्ही महिन्याला सत्तर युनिट जाळूनही वरच्या टप्प्याचा दर भरता. स्वतंत्र असेल तर बिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी तपासा.

मेंटेनन्स कोण भरणार हे करारात घाला. इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर फ्लॅट भाड्यानं दिल्याबद्दल मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेतात, ते २००१ च्या शासन आदेशानं सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. आपल्याकडं बरीच अपार्टमेंटं १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली डीड ऑफ डिक्लरेशन केलेली असतात, तिथं तिथले नियम. काही असो, ते ओझं मालकाचं, तुमच्यावर ढकललं जाऊ नये.

डिपॉझिटला राज्यात कायद्यानं मर्यादा नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची आहे, पण तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय इथं चालत नाही. पन्नास हजार म्हणजे चार महिन्यांच्या वर झाले, तीन महिन्यांवर आणून बघा. चेकनं किंवा खात्यावरच द्या, आणि जागा सोडल्यावर किती दिवसांत परत, तो आकडा लिहून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवता येते. मालक विसरतात, तुम्ही आठवण करा, पोच स्वतःजवळ ठेवा.

मिरजकर_मामा

एवढ्या भानगडीत मिरजेला घर बघून सामान लावून झालं असतं.

वऱ्हाडची_पाहुणी

मागच्या भाडेकरूचा नंबर काकूंनी लगेच दिला. ती मुलगी आता पुण्याला असते. म्हणाली, काकू प्रश्न विचारतात पण दार वाजवून आत येत नाहीत, आणि ती तापानं पडली होती तेव्हा दोन्ही वेळ पेज आणून दिली. ओलीचं मात्र खरं, दर पावसाळ्यात त्या भिंतीपासून पलंग लांब ठेवावा लागतो.

मालकांसमोर स्टँपपेपर दादांचा हिशेब कागदावर मांडला. आधी म्हणाले, आमच्या सीएला विचारतो. काल फोन आला. पूर्ण भाडं लिहून रजिस्टर करायला तयार आहेत. पण साडेअकरातला रुपया खाली यायला तयार नाहीत, "सगळं कागदावर आणायचं तर मग भाव तोच." मेंटेनन्स भाड्यात धरला, जाळ्या बसवून देतायत, गेटची किल्ली मिळणार. डिपॉझिट चाळीसवर आलं. भिंतीचं बाहेरचं काम पाऊस थांबल्यावर करतो म्हणाले.

अंड्याचा विषय मी काढला नाही, त्यांनीही परत काढला नाही.

दोन_फ्लॅटवाली

चांगला सौदा आहे. "पाऊस थांबल्यावर" हे करारात तारखेसकट घाला, नाहीतर तो पाऊस कधी थांबत नाही, हे मालकीण म्हणून सांगते. ताबा घेताना प्रत्येक भिंतीचा, ओट्याचा, बेसिनचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सॲप करा. पंखे किती, ट्यूब किती, ट्रॉल्यांची चाकं चालतात का, सगळं परिशिष्टात लिहा. माझ्या भाडेकरूंकडून मी लिहून घेते, मग तुम्ही का नाही?

चौथा_मजला_विनालिफ्ट

आणि अंडी आणायची ती काळ्या पिशवीतून. मी तत्त्व सोडलेलं नाही, फक्त सल्ला देतोय.

वऱ्हाडची_पाहुणी

😀 शनिवारी अंगठा देणार. स्टँपपेपर दादा, व्यनि बघा.

शेवटची एक शंका. अकोल्याचा मोठा लोखंडी कूलर आहे, टेंपोत टाकून आणू का? वरचा मजला, पश्चिमेची भिंत वगैरे ऐकून धास्ती घेतलीय.

गावभागकर

मार्च ते मे चालेल, सांगलीचा उन्हाळा तसा कोरडाच. वळवाचे पाऊस सुरू झाले की हवेत दमटपणा येतो, मग कूलरनं अंग चिकट होतं. पण तो मोठा खिडकीत बसवायचा तर ग्रिल कापावं लागेल आणि मालक ते करू देणार नाहीत. ड्राय बाल्कनीच्या दारात स्टँडवर ठेवता आला तर आणा. माप घेऊन या, लिफ्टमध्ये मावतो का तेही बघा.